मराठी मजकूर ब्राउझरगणिक वरखाली का होतो आणि तो ठिकाणावर कसा आणायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की साइट मराठी-इंग्रजी मिश्र, विंडोजवर क्रोममध्ये सगळं नीट दिसतं, तेच पान मॅकवर सफारीत उघडलं की बटणातला मजकूर वर सरकतो, फायरफॉक्समध्ये परिच्छेदाच्या काही ओळी बाकीच्यांपेक्षा जास्त अंतरावर जातात, आणि मोबाइलवर हेडिंगमधल्या वेलांट्या नि रफार वरून कापले जातात. आतापर्यंत प्रत्येक ब्राउझर ओळखून कुठे एक पिक्सेल वर, कुठे दोन पिक्सेल खाली असे पॅच मारलेत आणि तरी दर नवीन फोनवर नवीन तक्रार येते.

सगळ्यात आधी ते पॅच काढा. खरंच काढा, कारण ते असेपर्यंत नेमकं काय बिघडलंय हे दिसणारच नाही. आज मुळात ब्राउझरची इंजिनं, म्हणजे पान काढणारे आतले भाग, तीनच उरलीत, क्रोम-एज-ऑपेरा यांचं ब्लिंक, फायरफॉक्सचं गेको आणि सफारीचं वेबकिट. एजनं जानेवारी २०२० मध्ये क्रोमियम घेतलं, इंटरनेट एक्सप्लोरर ११ ला मायक्रोसॉफ्टनं १५ जून २०२२ ला निरोप दिला. लेआउटचे नियम या तिघांनी जवळजवळ सारखेच राबवलेत, त्यामुळे ब्राउझर चुकतोय असं जे वाटतं त्यातलं बरंचसं खरं तर फॉन्टमधून येतं. कुठला फॉन्ट प्रत्यक्षात लागला आणि त्या फॉन्टनं स्वतःची उंची किती सांगितली, या दोन गोष्टी मशीनगणिक बदलतात, आणि आपण दोष ब्राउझरला देतो.

आता फॉन्ट उंची कशी सांगतो ते बघू, कारण बाकीचं सगळं यावर उभं आहे. फॉन्ट फाइलमध्ये बेसलाइनच्या, म्हणजे अक्षरं ज्या अदृश्य रेषेवर उभी असतात तिच्या, वर किती आणि खाली किती, म्हणजे असेंट आणि डिसेंट, हे आकडे एकदा नाही तर तीनदा लिहिलेले असतात. एक जोडी एचएचइए टेबलमध्ये, दुसरी ओएस/२ टेबलमध्ये टायपो नावानं, तिसरी त्याच टेबलमध्ये विन नावानं. मॅक आणि आयफोन साधारण पहिली जोडी वाचतात, विंडोज विनची जोडी वाचतं, आणि फॉन्टमध्ये टायपोच वापरा अशी खूण केलेली असेल तर टायपोची. लॅटिन फॉन्टमध्ये हे तिन्ही आकडे बहुतेकदा जवळपास असतात म्हणून कोणाला फरक जाणवत नाही, पण देवनागरीत वर रफार, वेलांटी, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षरांचे थर, त्यामुळे विंडोजवर काही कापलं जाऊ नये म्हणून फॉन्ट बनवणारा विनचा आकडा मोठा ठेवतो आणि बाकीच्या दोन जोड्या तशाच राहतात, झालं, एकच फॉन्ट विंडोजवर उंच आणि मॅकवर बुटका. गूगल फॉन्ट्सवर जे फॉन्ट आहेत त्यांचे हे आकडे जुळवून घेण्याकडे लक्ष दिलं जातं, त्यामुळे तिथून घेतलेल्या फॉन्टला हा त्रास कमी. कुठून तरी मिळालेली टीटीएफ फॉन्ट फाइल ऑनलाइन कन्व्हर्टरमधून काढून लावली असेल तर मात्र संशय आधी तिथेच घ्यायचा.

हे आकडे पानावर कधी लागू होतात? सीएसएस म्हणजे पानाच्या दिसण्याचे नियम, त्यातली लाइन-हाइट म्हणजे ओळीची उंची, ती नॉर्मल असेल तेव्हा थेट. नॉर्मल म्हणजे ठरलेला आकडा नाही, फॉन्ट जे म्हणेल ते. एरियलला ते साधारण १.१५ येतं, पॉपिन्सला १.५. आणि यातली खरी गोम पुढे आहे. लाइन-हाइट नॉर्मल असताना ओळीत एखादं अक्षर दुसऱ्याच फॉन्टमधून आलं तर त्या दुसऱ्या फॉन्टची उंचीही त्या ओळीच्या हिशेबात धरली जाते. म्हणजे फॉन्ट-फॅमिलीत पहिला लॅटिन फॉन्ट आहे, मराठी अक्षरं सिस्टिमच्या फॉन्टमधून येतायत, तर जी ओळ पूर्ण इंग्रजी ती बुटकी आणि जिच्यात एक जरी मराठी शब्द आला ती उंच. फायरफॉक्समध्ये दिसणाऱ्या त्या कमीजास्त ओळींचं कारण माझ्या अंदाजानं हेच आहे, आणि क्रोममध्येही ते आहेच, फक्त त्या मशीनवर दोन्ही फॉन्टचे आकडे योगायोगानं जवळ पडले म्हणून दिसत नाही.

उपाय सोपा आहे, बॉडीला, म्हणजे अख्ख्या पानाला, लाइन-हाइट आकड्यात द्या आणि एकक देऊ नका. १.६ असं नुसतं, पिक्सेल नाही, टक्के नाही, ईएम (फॉन्टच्या साइझच्या पटीतलं एकक) पण नाही. टक्के किंवा ईएम दिलं की हिशेब बॉडीवर एकदा होतो आणि तयार पिक्सेल खाली वारशात जातात, मग ४० पिक्सेलच्या हेडिंगला १६ पिक्सेलच्या मजकुराची लाइन-हाइट लागते आणि ओळी एकमेकींवर चढतात. नुसता आकडा असेल तर तो आकडाच खाली जातो आणि प्रत्येक जागी नव्यानं गुणला जातो. लाइन-हाइट आकड्यात आली की फॉलबॅकमधून, म्हणजे पहिल्यात नाहीत म्हणून दुसऱ्या फॉन्टमधून, आलेल्या अक्षरांचा ओळीच्या उंचीवरचा हक्क संपतो, ओळ फक्त पहिल्या फॉन्टच्या हिशेबानं चालते. मराठी मजकुराला १.६ ते १.७५ मध्ये काहीतरी लागतं, इंग्रजी थीममधून आलेलं १.४ मराठीला पुरत नाही, वाचताना वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडतात.

पण एवढं करूनही कधीकधी एखादी ओळ दोनतीन पिक्सेलनं फुगलेली राहते, आणि इथे बरेच चांगले डेव्हलपर अडकतात, म्हणून आकड्यांनिशी सांगतो. प्रत्येक इनलाइन डब्याची, म्हणजे ओळीतल्या मजकुराच्या तुकड्याभोवतीच्या अदृश्य चौकटीची, वरखालची जागा अशी ठरते: फॉन्टचा असेंट अधिक डिसेंट काढायचा, तो लाइन-हाइटमधून वजा करायचा, उरेल ते अर्धं वर अर्धं खाली वाटायचं. समजा मजकूर २० पिक्सेलचा, लाइन-हाइट १.५ म्हणजे ३०. मुख्य फॉन्टचा असेंट १ आणि डिसेंट ०.२५, म्हणजे २० नि ५, एकूण २५, उरले ५, अडीच-अडीच वाटले, बेसलाइनच्या वर २२.५ आणि खाली ७.५. आता त्याच ओळीत एक स्पॅन, म्हणजे टॅगात गुंडाळलेला मजकुराचा तुकडा, आहे ज्याला वेगळा फॉन्ट दिलाय, त्याचा असेंट ०.८ आणि डिसेंट ०.४, म्हणजे १६ नि ८, एकूण २४, उरले ६, वर १९ आणि खाली ११. दोघांचीही लाइन-हाइट ३० च, पण दोघांना बेसलाइनवर एकत्र बसवलं की ओळीला वर २२.५ हवेत आणि खाली ११, बेरीज ३३.५. ओळ साडेतीन पिक्सेलनं वाढली आणि कोणीही चुकलेलं नाही, ना ब्राउझर ना तुमचा कोड. या स्पॅनला लाइन-हाइट १ दिली की त्याचा डबा वर १४ आणि खाली ६ इतकाच उरतो, मुख्य फॉन्टच्या आत मावतो, ओळ परत ३० ची. कोडचा मोनोस्पेस फॉन्ट, मराठी लेखातलं वेगळ्या फॉन्टमधलं इंग्रजी अवतरण, आयकॉन फॉन्ट, सगळ्यांना हेच औषध. सुपरस्क्रिप्ट-सबस्क्रिप्टला तर लाइन-हाइट शून्य द्यायची, व्हर्टिकल-अलाइन बेसलाइनवर ठेवायचं आणि पोझिशन रिलेटिव्ह करून टॉपनं उचलायचं, नॉर्मलाइझ स्टाइलशीटमध्ये वर्षानुवर्षं हेच आहे आणि ते बरोबर आहे.

यातच अजून एक अदृश्य गोष्ट असते ती म्हणजे स्ट्रट. प्रत्येक ओळीत, तुम्ही काही लिहा न लिहा, पालक एलिमेंटच्या फॉन्टचा आणि लाइन-हाइटचा एक शून्य रुंदीचा डबा उभा असतो. म्हणून १२ पिक्सेलचा छोटा टॅग मोठ्या फॉन्टच्या डिव्हमध्ये ठेवला की डिव्हची उंची टॅगपेक्षा जास्त येते. फोटोखाली चारपाच पिक्सेलची फट राहते तीही यामुळेच, इमेज बेसलाइनवर उभी असते आणि बेसलाइनखाली डिसेंटची जागा मोकळी राहते. इमेजला डिस्प्ले ब्लॉक द्या, विषय संपला. फट एका पानावर दिसते नि दुसऱ्यावर नाही असं होत असेल तर डॉकटाइप, म्हणजे एचटीएमएलची पहिली ओळ, बघा, जुन्या किंवा गायब डॉकटाइपमुळे पान क्वर्क्स मोडमध्ये, म्हणजे जुन्या ब्राउझरांच्या पद्धतीत, जातं आणि तिथे स्ट्रटचा नियमच वेगळा आहे.

आता फॉन्ट कुठला लागतोय ते तपासा, तर्क नको. क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये कंप्यूटेड टॅबच्या तळाशी रेंडर्ड फॉन्ट्स दिसतात, फायरफॉक्समध्ये स्वतंत्र फॉन्ट्स पॅनल आहे आणि ते जास्त चांगलं आहे. तुम्ही काही न लावता सोडलं तर विंडोज ८ पासून पुढे निर्मला यूआय येतो, त्याआधी मंगल यायचा, आयफोन नि मॅकवर कोहिनूर देवनागरी, अँड्रॉइडवर नोटो सान्स देवनागरी. चारही फॉन्टांची ठेवण वेगळी, शिरोरेषेची उंची वेगळी, तेव्हा एकाच सीएसएसवर चार वेगळी पानं दिसणारच. फॉर्ममध्ये हे जास्त जाणवतं कारण बटण, इनपुट, सिलेक्ट हे पानाचा फॉन्ट आपणहून घेत नाहीत, त्यांना फॉन्ट: इनहेरिट सांगावं लागतं. तुमच्या बटणाच्या तक्रारीत हे पहिलं बघा. पान मुक्ता किंवा तत्सम वेबफॉन्टमध्ये (साइटबरोबर उतरणाऱ्या फॉन्टमध्ये) आणि बटण मात्र कोहिनूरमध्ये, असं असेल तर कितीही पॅडिंग बदललंत तरी सगळीकडे एकसारखं मध्ये येणार नाही.

वेबफॉन्ट लावताना मराठी साइटवर एक चूक फार सर्रास दिसते, लॅटिन फॉन्ट पहिला आणि देवनागरी फॉन्ट शेवटी, जणू मराठी ही पाहुणी आहे. साइट मराठी आहे ना, मग हिशेब देवनागरी फॉन्टनं व्हायला हवा. मुक्ता, पॉपिन्स, हिंद यांच्यात लॅटिन अक्षरं आहेतच, तीच वापरा, दोन्ही लिपी एकाच हातानं जुळवलेल्या असतात आणि अर्ध्या कटकटी जन्मालाच येत नाहीत. आणि समजा लॅटिन वेगळाच हवा असेल, म्हणून युनिकोड-रेंज, म्हणजे हा फॉन्ट कुठल्या अक्षरांना लावायचा ते सांगणारा पट्टा, लावून देवनागरी फॉन्टला फक्त ०९०० ते ०९७एफ एवढा पट्टा दिलात, तर एक बारकावा ध्यानात घ्या: सीएसएसच्या नियमानुसार ओळीचा मुख्य फॉन्ट तो, ज्याच्या पट्ट्यात स्पेस हे अक्षर येतं. म्हणजे यादीत देवनागरी फॉन्ट पहिला असला तरी त्याच्या पट्ट्यात स्पेस नसल्यानं मुख्य फॉन्ट लॅटिनच ठरतो, आणि असेंट-डिसेंट त्याचे लागतात. मराठी शब्दामागे पिवळा मार्करचा रंग दिलाय आणि वेलांट्या त्या रंगाच्या बाहेर डोकावतायत, तर हेच झालंय, रंगाची उंची लॅटिन फॉन्टच्या मापानं निघालीय. पट्ट्यात २००सी आणि २००डी पण घाला, म्हणजे झेडडब्ल्यूएनजे आणि झेडडब्ल्यूजे, अक्षरं कशी जोडायची ते सांगणारी अदृश्य चिन्हं, नाहीतर झेडडब्ल्यूजे वापरून टाइप केलेला वऱ्हाडातला किंवा सुऱ्यातला र तुटायची भीती असते, आणि रुपयाचं चिन्ह २०बी९ सुद्धा, नाहीतर किंमतीच्या आधीचं चिन्ह भलत्याच जाडीचं येतं.

असाच प्रकार ॲ या अक्षराचा. ते युनिकोडमध्ये २००८ साली ५.१ आवृत्तीत आलं, त्याआधीच्या फॉन्टांत ते नाही, मग ॲप, ॲसिड, ॲडमिशन या शब्दांचं पहिलं अक्षर एका फॉन्टमधून नि बाकीचा शब्द दुसऱ्यातून येतो, शिरोरेषा एका पातळीत राहत नाही, आणि लाइन-हाइट नॉर्मल असेल तर ती ओळही फुगते. ग्राहक म्हणतो "ॲडमिशनच्या पानावरच गडबड आहे", आणि लोक त्या पानाचं सीएसएस चाळत बसतात. फॉन्ट बदला, किंवा फॉन्टची नवीन आवृत्ती घ्या.

वेबफॉन्ट यायच्या आधी सिस्टिमचा फॉन्ट दिसतो आणि मग मजकूर उडी मारतो, त्यासाठी फॉन्ट-फेसमध्ये साइझ-अ‍ॅडजस्ट, असेंट-ओव्हरराइड, डिसेंट-ओव्हरराइड, लाइन-गॅप-ओव्हरराइड हे चार वर्णक आहेत. लोकल निर्मला किंवा नोटोला एक वेगळं नाव देऊन त्याची मापं वेबफॉन्टच्या मापांशी जुळवायची, म्हणजे अदलाबदल होताना ओळी हलत नाहीत. साइझ-अ‍ॅडजस्ट क्रोम ९२, फायरफॉक्स ९२ आणि सफारी १७ पासून चालतं. असेंट नि डिसेंटवाले दोन क्रोम आणि फायरफॉक्समध्ये त्याआधीच आले पण सफारीच्या भरवशावर ते वापरू नका, तिथे आकड्यातली लाइन-हाइटच तुम्हाला तारेल.

मात्रा कापल्या जाण्याचं कारण वेगळं आहे. लाइन-हाइट कमी केल्यानं अक्षर कधीच कापलं जात नाही, ते डब्याबाहेर जाऊनही दिसत राहतं. कापतं ते ओव्हरफ्लो: हिडन, म्हणजे डब्याबाहेर गेलेलं लपवायचा नियम. हेडिंग एका ओळीत ठेवून पुढे तीन टिंबं दाखवायची म्हणून ओव्हरफ्लो हिडन लावलं, लाइन-हाइट १.२ ठेवली, आणि "मूर्तींचा" मधला रफार, वेलांटी, अनुस्वार असा वरचा सगळा जमाव डब्याच्या काठाला गेला. मोबाइलवर हे आधी दिसतं कारण तिथे फॉन्ट वेगळा. इथे लाइन-हाइट वाढवायची नसेल, डिझायनर ऐकत नसेल, तर वरखाली ०.२५ ईएम पॅडिंग द्या आणि तेवढंच उणे मार्जिन, जागा तेवढीच राहते आणि कापण्याची रेघ मात्र बाहेर सरकते. फक्त दोनतीन ओळींवर थांबवणाऱ्या वेबकिट-लाइन-क्लॅम्पला खालचं पॅडिंग देऊ नका, त्या पॅडिंगमध्ये पुढच्या लपलेल्या ओळीचं डोकं दिसायला लागतं, तिथे लाइन-हाइटच वाढवावी लागते, दुसरा इलाज नाही. आणि इनपुटला हाइट न देता मिन-हाइट द्या.

ओव्हरफ्लो हिडनचा दुसरा उपद्व्याप म्हणजे बेसलाइन. इनलाइन-ब्लॉकची, म्हणजे ओळीत बसणाऱ्या पण स्वतःची उंची-रुंदी असलेल्या डब्याची, बेसलाइन म्हणजे त्यातल्या शेवटच्या ओळीची बेसलाइन, पण त्यावर ओव्हरफ्लो हिडन लावलं, किंवा तो रिकामा असला, की बेसलाइन थेट त्याच्या खालच्या मार्जिनच्या काठावर जाते. शेजारी शेजारी दोन बटणं, एकाला हिडन आहे एकाला नाही, आणि एक वर चढलेलं दिसतं, ते यामुळे. व्हर्टिकल-अलाइन टॉप द्या किंवा सरळ पालकाला फ्लेक्स (रांगेत मांडायची सीएसएसची पद्धत) करा. खरं सांगायचं तर बटणांच्या, टॅगांच्या, मेनूच्या रांगांसाठी इनलाइन-ब्लॉक आता वापरायचं कारणच उरलेलं नाही, त्यांच्यामधल्या स्पेसच्या फटी, त्या घालवायला फॉन्ट-साइझ शून्य करायची जुनी युक्ती, हे सगळं फ्लेक्स आणि गॅपनं संपवलंय. इनलाइन लेआउट ओळीत वाहणाऱ्या मजकुरासाठी आहे, तिथेच ठेवा.

आयकॉन आणि मराठी मजकूर एका रांगेत आणताना व्हर्टिकल-अलाइन: मिडल लावलं की आयकॉन जरा खाली बसल्यासारखा वाटतो, हे बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. मिडलचा अर्थ ओळीचा मध्य नाही, बेसलाइन अधिक एक्स-हाइटचा निम्मा भाग, आणि एक्स-हाइट ही लॅटिनच्या छोट्या अक्षरांची उंची. देवनागरीचं शरीर बेसलाइनपासून शिरोरेषेपर्यंत, ते एक्स-हाइटपेक्षा उंच असतं, त्यामुळे डोळ्याला दिसणारा मध्य गणितातल्या मध्याच्या वर राहतो. इथे इनलाइन-फ्लेक्स करून अलाइन-आयटम्स सेंटर करा, किंवा वाहत्या वाक्यात आयकॉन असेल तर त्याची उंची ईएममध्ये देऊन व्हर्टिकल-अलाइनला उणे ०.१ च्या आसपास ईएम द्या आणि फॉन्ट बघून डोळ्यानं जुळवा, एकदा जुळलं की फॉन्टच्या साइझबरोबर तेही वाढतं. अनेक ओळींच्या मजकुराशेजारी फक्त पहिल्या ओळीला आयकॉन लावायचा असेल तर उंची १ एलएच (एका ओळीची उंची) द्या, हे एकक क्रोम १०९, सफारी १६.४, फायरफॉक्स १२० पासून आहे आणि फार उपयोगाचं आहे.

एवढं करूनही एक पिक्सेलचा फरक राहिला तर तो सोडा. क्रोम असेंट-डिसेंट पूर्ण पिक्सेलमध्ये गोल करून घेतो, ब्लिंक आणि वेबकिट पिक्सेलचे ६४ भाग मोजतात आणि गेको ६०, त्यामुळे १५ गुणिले १.५ म्हणजे २२.५ सारख्या उंचीत कोण वर नि कोण खाली गोल करेल यावर तुमचा ताबा नाही. फॉन्टचा साइझ नि लाइन-हाइट अशी निवडा की गुणाकार पूर्ण संख्या येईल, १६ ला १.५ किंवा १.७५, २० ला १.६, निदान बटणात तरी. टेक्स्ट-बॉक्स-ट्रिम हे नवं आलंय, सफारी १८.२ आणि क्रोम १३३ पासून, वरखालची फालतू जागा छाटतं, पण त्यातलं कॅप हे मोजमाप इंग्रजी कॅपिटल अक्षरांचं आहे, मराठी बटणाला ते लावलंत तर मात्रांची जागाच छाटली जाईल आणि मजकूर वरच्या कडेला टेकेल. मराठीला निदान सध्या तरी ते लावू नका.

इंग्रजी थीम मराठीला लावताना काही गोष्टी डोळे झाकून बंद कराव्या लागतात, आणि त्यासाठी आधी एचटीएमएल टॅगला लँग एमआर, म्हणजे भाषा मराठी, लावलेलं हवं. लेटर-स्पेसिंग शून्य करा, हेडिंगमध्ये अक्षरं थोडी मोकळी करायची फॅशन इंग्रजीत शोभते, मराठीत शिरोरेषेचे तुकडे पडतात. इटॅलिक काढा, बहुतेक देवनागरी फॉन्टांना इटॅलिक नाहीच, ब्राउझर सरळ अक्षर वाकवून दाखवतो आणि तो कोन प्रत्येकाचा वेगळा, जोर द्यायचा असेल तर बोल्ड वापरा, पण बोल्डची खरी फाइल लावा, नाहीतर ब्राउझर कडा जाड करून नकली बोल्ड बनवतो आणि द्ध, ष्ट्य यांच्या पोटातली जागा भरून जाते. फॉन्ट-सिंथेसिस: नन टाकलं की अशी नकली रूपं दिसणंच बंद होतं आणि फाइल लावायची राहिलीय हे लगेच कळतं. अंडरलाइन उकारांमधून जाते किंवा त्यांच्याभोवती तुटते, टेक्स्ट-अंडरलाइन-ऑफसेट ०.२ ईएमच्या आसपास द्या, सगळीकडे चालतं. लँग एमआर लावल्याचा आणखी एक फायदा, नोटो सान्स देवनागरीसारख्या फॉन्टांत मराठी वळणाचा ल आणि श आतच ठेवलेले असतात, भाषा सांगितली की ते येतात, न सांगितली तर हिंदी वळणाचे. टिरो देवनागरीत तर मराठी, हिंदी, संस्कृत असे तीन वेगळे फॉन्टच आहेत, मराठी वाचकाला मराठीचा द्या.

सर्चमध्ये शब्द रंगवताना, किंवा अक्षरं एकेक करून अ‍ॅनिमेट करताना मराठीची जी मोडतोड होते तिच्याकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं आणि मला तिचंच सगळ्यात जास्त वाईट वाटतं. जावास्क्रिप्टनं शब्द कोडपॉइंटवर, म्हणजे युनिकोडच्या एकेका चिन्हावर, तोडला आणि प्रत्येकाला स्पॅन लावला की कि चे क आणि वेलांटी वेगळे होतात, मग एखादा ब्राउझर स्पॅनच्या सीमेपलीकडे बघून अक्षर जोडतो, दुसरा तुटकी वेलांटी ठिपक्यांच्या वर्तुळावर दाखवतो. क्रोम आणि फायरफॉक्स अक्षरं जुळवायला हार्फबझ वापरतात, सफारी अ‍ॅपलचं कोअरटेक्स्ट, त्यामुळे एकात चाललं म्हणून दुसऱ्यात चालेल असं धरू नका. तोडायचंच असेल तर जावास्क्रिप्टमधलं इंटल डॉट सेगमेंटर वापरा, क्रोम ८७, सफारी १४.१ आणि फायरफॉक्स १२५ पासून आहे. त्यातही २०२३ च्या युनिकोड १५.१ मध्ये नियम बदलला, त्याआधीच्या ब्राउझरांत क्षमा चे क्, ष आणि मा असे तुकडे पडायचे, नव्यांत क्ष एकत्र राहतं, तेव्हा हलंतावर संपणारा तुकडा आला तर तो पुढच्याला जोडून घ्यायची चार ओळींची सोय स्वतः करा. आणि नुसतं रंगवायचं असेल तर स्पॅन लावूच नका, कस्टम हायलाइट एपीआय आहे, क्रोम १०५ आणि सफारी १७.२ पासून, तो मजकुराला हात न लावता रंग देतो. फर्स्ट-लेटरनं पहिलं अक्षर मोठं करण्याचंही तसंच, श्री किंवा प्र नं सुरू होणाऱ्या लेखात कुठला ब्राउझर किती उचलेल याची खात्री नाही, पूर्ण जोडाक्षराला सर्व्हरवरच स्पॅन लावून पाठवा.

दोन ओळींवर पसरलेल्या रंगीत हेडिंगच्या कडा ओळ तुटते तिथे कापल्यासारख्या दिसत असतील तर बॉक्स-डेकोरेशन-ब्रेक: क्लोन लावा, आणि वेबकिट प्रीफिक्सवालं, म्हणजे नावाआधी वेबकिट जोडलेलं, रूपही सोबत लिहा, क्रोमनं बिनप्रीफिक्सचं १३० व्या आवृत्तीत घेतलं, सफारीला प्रीफिक्स लागतं.

तपासताना लोरेम इप्सम तर नकोच, पण साधं मराठी वाक्यही पुरत नाही. मी प्रत्येक कॉम्पोनंटमध्ये "मूर्तींचा, नैर्ऋत्य, वऱ्हाडी, उद्ध्वस्त, लठ्ठ, हृदय, ॲप, ₹५००" एवढे शब्द टाकतो. वर सगळ्यात उंच काय जातं, खाली सगळ्यात खोल काय जातं, फॉन्टमध्ये काय नाही, हे एका नजरेत कळतं, नैर्ऋत्य मधला ऋ वरचा रफार तर कित्येक फॉन्टांना जमत नाही. मग सगळ्या एलिमेंटना तात्पुरती आउटलाइन लावून बघा, बॉर्डर नको, ती जागा खाते. प्लेराइट या टेस्टिंगच्या साधनातलं वेबकिट लिनक्सवर चालवून सफारी तपासली असं समजू नका, तिथे कोअरटेक्स्ट नाही आणि कोहिनूर फॉन्टही नाही, लेआउटच्या ढोबळ चुका सापडतील पण अक्षरांच्या नाही. खरा आयफोन लागतो, कोणाचा तरी पाच मिनिटं मागून घ्या, आयफोनवरचं क्रोमही भारतात आतून वेबकिटच आहे, त्यामुळे एकच ब्राउझर बघितला तरी चालतं. अँड्रॉइडचा एखादा स्वस्त जुना फोन जवळ ठेवा, त्याच्यावरचा नोटो जुन्या आवृत्तीचा असतो आणि तुमचे बरेचसे वाचक तसल्याच फोनवर असतात.

तुमच्या बाबतीत क्रम असा धरा: पॅच काढले, फॉर्मच्या घटकांना फॉन्ट इनहेरिट केला, बॉडीला १.६ दिलं, देवनागरी असलेला एकच वेबफॉन्ट रेग्युलर नि बोल्ड अशा दोन फाइलींत लावला, हेडिंगच्या हिडनला पॅडिंग दिलं. एवढ्यावर सफारीतलं बटण आणि फायरफॉक्सच्या ओळी दोन्ही जागेवर यायला हव्यात. बटण तरीही वरच राहिलं तर फॉन्टच्या त्या तीन जोड्यांचे आकडे फॉन्टटूल्सच्या टीटीएक्स या साधनानं काढून इथे टाका, मॅकवरचे नि विंडोजवरचे वेगळे निघाले तर फॉन्ट फाइलच दुरुस्त करावी लागेल, आणि फॉन्टचं लायसन्स तशी परवानगी देतं का ते आधी बघून घ्या.